अजिंठ्याचे छत आणि ‘नुसत्या नक्षी’चा आक्षेप

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात माणसे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर थांबतात, हे योग्यच आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही. त्याच लेण्याच्या छताबद्दल एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते, त्याबद्दल आहे: ‘वर काही विशेष नाही, नुसती नक्षी आहे.’ वाट दाखवणारे हे बोलतात, सहलीची मुले घेऊन आलेले शिक्षक बोलतात आणि चित्रकलेवर लिहिणारे जाणकारही जरा भारदस्त शब्दांत तेच सांगतात. त्यांच्या लेखी भिंतीवर चित्र आहे आणि छतावर सजावट. भिंत प्रतिभावंतांनी रंगवली आणि छत हाताखालच्या पोरांनी भरून काढले, असा काहीसा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे आणि त्याने आपले नुकसान केले आहे. एका फार मोठ्या चित्राखालून आपण मान न उचलता चालत आलो आहोत.

छतावर काय आहे ते आधी पाहू, कारण या वादात सर्वांत कमी पाहिले जाते ते छतच. पहिल्या लेण्याचा मंडप साधारण 64 फूट लांब-रुंद, त्यात 20 खांब. खांबांच्या रांगांवरून छताची विभागणी झाली आहे: मध्यभागी मोठे वर्तुळ, भोवती चौकोन, चौकोनांत आणखी लहान चौकोन आणि आयत, आणि प्रत्येकाला किनार. या चौकटींत कमळे आहेत, गुलाबी, पांढरी, निळसर. कळी, अर्धवट उमललेली, पूर्ण उमललेली, पाठीकडून दिसणारी. आंबे आहेत, पानांसकट लटकलेले. एक गोल फळ आहे, ते बेल असेल किंवा लिंबाच्या जातीचे काही. एक वांग्यासारखे दिसते. मधेच पक्षी येतात आणि त्यांच्या शेपटीची वेल होते; ती वेल कुठे पक्षी राहिली आणि कुठे पाने झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही. एका चौकटीत कमळांच्या तळ्यात हत्ती उधळला आहे. कुठे बुटके गण खेळत आहेत. चौकटींची जमीन काळी, तांबडी, पांढरी अशी आलटून पालटून बदलते, त्यामुळे तेच कमळ एका ठिकाणी अंधारातून वर येते आणि शेजारच्या चौकटीत उन्हात असल्यासारखे दिसते.

दुसऱ्या लेण्यात चौकोनात बसवलेले मोठे वर्तुळ आहे, त्यात एकात एक कडी, मध्ये कमळ आणि चार कोपऱ्यांत उडणारी गंधर्वांची जोडपी. त्याच लेण्याच्या छतावर हंसांची रांग आहे. एक मान वळवून मागे पाहतो, एक चोच पिसांत घालतो, एक पंख झाडतो, एक नुसता चालतो. इतके हंस, आणि कोणताही दुसऱ्याची नक्कल नाही. ज्याला जागा भरून काढायची असते तो एक हंस काढतो आणि तोच पुन्हा पुन्हा उठवतो. ते सोपे पडते, वेळही वाचतो. इथे तसे झालेले नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 या काळात, मधला खंड धरून, या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. छताबद्दल त्यांनी नोंदवून ठेवले आहे की तपशिलांतली विविधता अफाट आहे आणि पुनरावृत्ती क्वचितच सापडते. वर्षानुवर्षे ब्रश हातात धरून छताची रेघ न् रेघ उतरवून घेणाऱ्यांची ही साक्ष आहे.

कौशल्याचा मुद्दा इथेच संपवू. खडबडीत ठेवलेल्या बेसाल्टवर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून लिंपण, त्यावर पातळ पांढरा थर आणि तो सुकल्यावर डिंकासारखे बांधणारे द्रव्य मिसळलेला रंग, अशी ही पद्धत. भिंतीवर हे करताना चित्रकार दोन पावले मागे सरकून पाहू शकतो. छताखाली परांचीवर ते शक्य नाही. हात डोक्याच्या वर, रंग कोपराकडे ओघळणारा, आणि खालून कसे दिसेल याचा सगळा हिशेब मनात. अशा अवस्थेत एकात एक वर्तुळे न डगमगता काढायची आणि त्यातली वेल एका दमात वळवायची, हे शिकाऊ हाताचे काम नव्हे. रंगही वेगळे, हलके वापरलेले नाहीत. गेरू, पिवळी माती, इथल्याच खडकात मिळणारी हिरवी माती, काजळी आणि चुना हे रंग दोन्हीकडे आहेतच. पण छतावरची निळाईही लाजवर्द दगडाची आहे. तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. इतक्या दुरून आणलेला रंग कोणी बिनमहत्त्वाच्या जागेवर उधळत नाही.

काळाचाही विचार करा. वॉल्टर स्पिंक यांनी उभे आयुष्य अजिंठ्याला दिले. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुतेक लेणी दोनेक दशकांतच घडली, असे त्यांचे मत होते. सगळ्यांना ते मान्य नाही. पण मान्य केले, तर छताबद्दलचे आश्चर्य वाढतेच. घाई असताना, आश्रयदात्यांचे राजकारण डोक्यावर असताना, कित्येक लेणी अर्धवट टाकावी लागलेली असताना या माणसांनी छतावर साचा वापरला नाही. घाईत माणूस जे टाळू शकतो ते त्यांनी टाळले नाही, कारण त्यांना ते टाळण्यासारखे वाटले नाही.

आता मोठा आक्षेप. छतावर गोष्ट नाही, म्हणून अर्थ नाही, असे म्हणतात. भिंतीवर जातककथा आहेत, त्याग आहे, करुणा आहे. छतावर काय, तर पाने-फुले. हा आक्षेप घेणाऱ्यांनी बौद्ध विनयाचा एक भाग वाचला नसावा. पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गात प्रसंग आला आहे: काही भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रे काढवली, लोक कुरकुरले आणि बुद्धांनी तशी चित्रे काढायला मनाई केली. त्याच वेळी परवानगी कशाला दिली? मालाकम्म आणि लताकम्म, म्हणजे माळांची आणि वेलींची नक्षी, मकरदन्तक आणि पञ्चपटिक या नक्षीप्रकारांना. हा एका संप्रदायाचा ग्रंथ आहे, आणि अजिंठ्याचे भिक्खू कोणत्या विनयाने चालत होते यावर वेगळी चर्चा होऊ शकते. इतर परंपरांनी पुढे कथाचित्रांनाही जागा दिली, हेही खरे. तरी एवढे स्पष्ट आहे की विहाराच्या भिंतीवर माणसाच्या चित्राला मान्यता मिळण्याआधी फुलाला आणि वेलीला मान्यता होती. पद्मपाणी ज्या धर्माच्या घरात उभा आहे, त्या घरात वेल आधीपासून होती. तिला उपरी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दान देणाऱ्यांचेही तसेच. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलेल्या सोळाव्या लेण्यातल्या लेखात लेण्याची स्तुती आहे. वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचे संपादन केले आहे, त्यात तो वाचायला मिळतो. तिथे खिडक्या, दारे, वेदिका, चित्रवीथी, खांब हे सगळे एका दमात, एकाच कौतुकाने येते. चित्र वर आणि सजावट खाली अशी उतरंड त्या लेखात नाही. ती आपण नंतर लावली.

केवळ गोष्टीच्या सवयीने पाहिले की काय होते, याचा पुरावा याच छतावर आहे. पहिल्या लेण्याच्या छतातल्या काही चौकटींत लांब अंगरखा, टोपी आणि दाढी असलेला एक परदेशी माणूस पेला हातात घेऊन बसला आहे, भोवती सेवक आहेत. 1879 मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रो असल्याचे मांडले आणि त्याच्यासोबतची स्त्री त्याची राणी शिरीन ठरली. चालुक्य राजा पुलकेशीच्या दरबारात इराणी वकील आले होते, हेही त्याला जोडले गेले. खुस्रोची कारकीर्द 590 ते 628 ची. चित्रे पाचव्या शतकातली धरली तर हा बादशहा जन्मण्याआधी त्याचे चित्र काढले गेले, असे होते. आज ही ओळख कोणी गंभीरपणे धरत नाही. पण या वादात किती शाई गेली ते पाहा. शेकडो चौकटींच्या छतावर विद्वानांची नजर अडकली ती माणसे असलेल्या मोजक्या चौकटींवर, आणि तिथेही त्यांनी राजाराणीची गोष्ट शोधली. त्या चौकटी मंडपात सारख्या आकाराने, सारख्या अंतराने बसवल्या आहेत. कमळ आणि फळ यांच्यासारखीच ती माणसेही रचनेची घटक आहेत. हे ज्याने छत सबंध पाहिले त्याच्या लक्षात आले असते.

फळांचेही असेच झाले. ग्रिफिथ्स यांनी छतावरच्या एका फळाला सीताफळ म्हटले, आणि ते पुढे चालत आले. सीताफळ अमेरिकेतले, ते पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आले, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. मग पाचव्या शतकात ते खवलेदार फळ कोणते? कमळाची बोंडे तर नव्हेत? फणस? की चित्रकाराने मनातून रचलेले? या प्रश्नावर खुस्रोच्या निम्म्यानेही वाद झाला नाही. एखाद्या राजाची ओळख चुकली की ती दुरुस्त करायला पुस्तके निघतात, फळाची चुकली तर चालते, कारण फळ म्हणजे नुसती नक्षी. या उपेक्षेचा मला राग आहे. ज्या हाताने आंब्याचे देठ कोणत्या कोनात वाकते हे पाहून रेघ ओढली, त्याने त्या दुसऱ्या फळाकडेही नीट पाहिले असणार, एवढा विश्वास तरी आपण त्याला द्यायला हवा.

छताच्या बाजूने बोलणारे काही लोक आहेत, पण त्यांचाही मार्ग मला मान्य नाही. ते म्हणतात, ही नक्षी नाही, प्रतीके आहेत. कमळ म्हणजे पावित्र्य, वर्तुळ म्हणजे विश्व, हंस म्हणजे मुक्त आत्मा, आंबा म्हणजे समृद्धी. प्रत्येक फुलाला एक शब्द चिकटवला की छताला मोठेपण येते, असा त्यांचा भाव. कमळाला बौद्ध परंपरेत अर्थ आहे, यात शंका नाही. पण कमळ म्हणजे पावित्र्य एवढेच सांगायचे असते तर एक कमळ पुरले असते. मग ती इतकी का, प्रत्येक वेगळे का, एकाची पाठ का दिसते आणि दुसऱ्याची पाकळी दुमडलेली का, याचे उत्तर प्रतीकांच्या यादीत मिळत नाही. ते चित्रात मिळते. छताला वाचवण्यासाठी त्याचे शब्दांत भाषांतर करणे म्हणजे ‘नुसती नक्षी’ म्हणणाऱ्यांचा मूळ मुद्दा मान्य करणे आहे: की गोष्ट किंवा शिकवण असेल तरच चित्राला किंमत.

छताचा विचार त्याच्या रचनेत आहे. चौकोन आणि वर्तुळे आधी ठरतात. त्यांचा हिशेब खांबांशी आहे, दाराशी आहे, गाभाऱ्यातल्या बुद्धाशी आहे. मंडपात शिरणारा माणूस कळत न कळत त्या हिशेबात पुढे जातो. ही भूमिती कडक आहे, तिच्यात कुठे ढिलाई नाही. आणि त्या कडक चौकटीच्या आत वाढणाऱ्या गोष्टी आहेत: देठ, पान, फळ, पक्षी. त्या चौकट मोडत नाहीत आणि चौकटीला शरणही जात नाहीत. कमळाचा देठ किनारीला टेकतो आणि वळतो. त्या वळणामुळेच त्याला जोर येतो. ख्यालात ठेका पक्का असतो म्हणून बढत मोकळी होते, तसे हे आहे. नियम आणि जीव यांचे नाते काय असावे, हा प्रश्न ज्या मठात शे-दोनशे नियम पाळून माणसे राहत होती तिथे रोजचा होता. ते भिक्खू या छताखाली बसत होते, जेवत होते, खोल्यांतून या मंडपात येत-जात होते. भिंतीवरची गोष्ट समजावून सांगावी लागते. छताला कोणी निरूपणकार लागत नाही, ते माणसाच्या डोक्यावर सतत असते.

हे छत कापडाच्या चांदव्याची नक्कल आहे, असाही एक आक्षेप येतो. हो, बहुधा त्या रचनेला वरती ताणलेल्या कापडाची आठवण आहे. देवावर चांदवा धरतात, राजावर धरतात, आपल्याकडे पूजेत आजही बांधतात. सन्मानाची खूण म्हणून जी वस्तू असते तिचे कायमचे रूप दगडावर रंगवणे यात हलके काय आहे? उलट कापडाचा संबंध दुसऱ्या बाजूनेही चालू राहिला. औरंगाबादच्या हिमरूत अजिंठ्याची नक्षी उतरली, पैठणीच्या पदरावर अजंठा कमळ विणले जाते. विणकरांनी छताकडे नीट पाहिले. ज्यांना स्वतः ताणा-बाण्याच्या चौकोनात फूल बसवावे लागते त्यांना ते छत काय आहे हे लगेच कळले असणार. त्या समजुतीला मी कोणत्याही समीक्षकाच्या समजुतीपेक्षा कमी मानत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या वास्तुकाराने अलंकरणाला गुन्हा ठरवले, आणि ते मत घेऊन आपल्याकडच्याही कलाशिक्षणात नक्षीबद्दल एक संकोच शिरला. लोसच्या समोर कारखान्यातून निघणारी स्वस्त, निर्जीव वेलबुट्टी होती. त्याचा संताप त्या जागी समजण्यासारखा आहे. अजिंठ्याला तो लावता येत नाही. यंत्राने छापलेली बुट्टी आणि प्रत्येक हंस वेगळा काढणारा हात यांना एकाच नावाने हाक मारली की दोन्हींचे आकलन बिघडते.

ग्रिफिथ्स यांच्याविरुद्धही मला एक गोष्ट म्हणायची आहे, त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून. त्यांच्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या, तरी 1896-97 मध्ये त्यांनी दोन मोठे खंड काढले आणि दुसऱ्यात अलंकरणाला भरपूर जागा दिली. तेवढा मान नंतर फार थोड्यांनी दिला. पण त्यांनी छत तुकड्यांत दिले: एक चौकट, एक किनार, एक फळ, एक वेल. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना नमुने हवे होते, तो हेतू उघड होता. त्या तुकड्यांचीच सवय आपल्याला लागली. आज पुस्तकात, कॅलेंडरवर, शुभेच्छापत्रावर छताचे दिसते ते एक कमळ किंवा एक हंस, काळ्या जमिनीवर कापून घेतलेला. चौकोनाचा वर्तुळाशी, वर्तुळाचा खांबाशी असलेला हिशेब त्यात उरत नाही. छत सबंध न पाहता त्याचा एक तुकडा पाहणारा माणूस त्याला नक्षीच म्हणणार; दोष त्याच्या नजरेचा कमी आणि दाखवणाऱ्याचा जास्त आहे.

नंदलाल बोस 1909 मध्ये तरुणपणी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आले होते. पुढे भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पाने त्यांच्या आणि शांतिनिकेतनातल्या त्यांच्या शिष्यांच्या हातून सजली. त्या पानांच्या किनारींना कोणी भराव म्हणत नाही. देशाच्या सर्वोच्च दस्तऐवजाभोवती वेल काढण्यात नंदलालांना कमीपणा वाटला नाही, कारण नक्षी आणि चित्र यांच्यात त्यांनी भिंत उभी केली नव्हती.

वेळ कमी असतो, हे मला मान्य आहे. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसे आणि थोडाच वेळ मिळतो, आणि चित्रांच्या जपणुकीसाठी ते आवश्यक आहे. वटवाघळांची घाण, धूर, जुन्या काळी लावलेल्या आणि पिवळ्या पडलेल्या वार्निशचे थर, माणसांच्या श्वासाची आर्द्रता यांनी छताचे आधीच पुष्कळ नुकसान केले आहे. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी साफ केलेल्या भागांत खालून जे रंग वर आले आहेत ते पाहिले की अजून किती झाकलेले असेल याची कल्पना येते. म्हणूनच अग्रक्रमाचा प्रश्न आहे. ‘नुसती नक्षी’ हे मत तिथे नुसते मत राहत नाही. कोणता भाग आधी साफ करायचा, कोणत्या भागाचे छायाचित्रण करायचे, प्रकाश कुठे टाकायचा, हे त्यावरून ठरू शकते.

माझी मागणी साधी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याचे छत, एक चौकटही न वगळता, खांबांच्या आराखड्यासकट मराठीत छापून निघावे. त्यातल्या प्रत्येक फळा-फुलाची नोंद वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्यांबरोबर बसून करावी. आणि कलाशाळांनी त्याचा अभ्यास नमुना म्हणून नव्हे, रचना म्हणून लावावा. आणि तुम्ही अजिंठ्याला जाल तेव्हा दुसऱ्या लेण्यात शिरताच आधी वर पाहा. वर्तुळ कुठल्या खांबापासून सुरू होते ते शोधा, मग हंसांकडे या. भिंती त्यानंतर पाहा.